अनुभव धागा: दोघांनीच मराठवाड्यात भटकताना – गड, लेणी, धबधबे आणि आभाळ

गोदाकाठ, पैठण

सुट्टी लागली की जोडप्यानं लोणावळा-महाबळेश्वर गाठायचं, हे ठरूनच गेलंय. आपल्याकडे काय आहे, असं विचारणाऱ्यांना सातमाळ्याची रांग, गौताळा, देवगिरी, अंतूर, वेताळवाडी, सौताडा, सहस्रकुंड, नळदुर्ग एवढी नावं तरी सांगता येतात. अडचण वेगळीच आहे. या जागांवर गर्दी नसते, दुकान नसतं, कित्येकदा फोनलाही रेंज नसते. दहा जणांच्या ग्रुपमध्ये एकाचा पाय मुरगळला तर दोघं त्याला धरतात आणि तिसरा गावात पळतो. दोघंच असताना दुसऱ्याला थांबायचं की जायचं, हेच कळत नाही. त्यात आपलं हवामान असं की सकाळी लख्ख ऊन आणि चारला वावधान.

म्हणून हा धागा. दोघांनीच फिरताना काय वेगळं करावं लागतं, कुठल्या जागी कुठल्या महिन्यात काय होतं, ते माहीतगारांनी नेमकं लिहावं. ‘खूप छान जागा आहे, नक्की जा’ एवढंच लिहायचं असेल तर फोटोंचा धागा वेगळा आहे.

सातमाळा, कन्नड

गौताळा-औट्रमघाट अभयारण्य आणि पितळखोऱ्याच्या लेण्यांपासून सुरुवात करतो, कारण पावसाळ्यात जोडपी सगळ्यात जास्त तिथंच येतात.

कन्नडहून चाळीसगाव रस्त्यानं निघायचं आणि कालीमठाच्या बाजूनं आत वळायचं. गाडी पठारावर लागते, तिथून लेण्यांपर्यंत पायऱ्यांनी दरीत उतरावं लागतं. पायऱ्या बांधलेल्या आहेत, पण जुलै ते सप्टेंबर त्यांच्यावर शेवाळ असतं. शेवाळ काळपट-हिरवं आणि ओलं असेल तर पाऊल टिकत नाही. वाळून पांढुरकं झालेलं असेल तर टिकतं. पायरीच्या मधोमध माणसांच्या चालण्यानं घासलेली जागा असते, तिथंच पाय ठेवा. कडेला गवताजवळ ठेवू नका. तळ झिजलेले स्पोर्ट शूज तर घालूच नका. पाचशे-सातशे रुपयांचे रबरी खाचांचे बूट त्यापेक्षा कितीतरी बरे.

खरा धोका खाली ओढ्यात आहे. लेणी दरीच्या कुशीत आहेत आणि तिथवर जायला ओढ्याचं पात्र लागतं. तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही वर पठारावर पाऊस झालेला असू शकतो, आणि ते पाणी कातळावरून काही मिनिटांत खाली येतं. काळा पाषाण पाणी पीत नाही, सगळं वाहून देतो. पाणी वाढायच्या आधी ओळखता येतं. निवळ पाणी एकदम गढूळ होतं, त्यात पालापाचोळा आणि काटक्या वाहत येतात, वरच्या बाजूनं घुमल्यासारखा आवाज येतो. यातलं एक जरी दिसलं तरी सामान न आवरता उंचावर जायचं. ज्या काठाला बाहेर पडायची वाट आहे त्याच काठाला जायचं, नाहीतर पलीकडे अडकून रात्र काढावी लागते.

गुडघ्याच्या वर पाणी असेल आणि त्याला ओढ असेल तर ओलांडायचंच नाही. गुडघ्याखाली असेल तर दोघांनी हातात हात घालून आडवं चालू नये, एक घसरला की दुसराही जातो. जास्त वजनाच्या माणसानं प्रवाहाकडे तोंड करून पुढं उभं राहायचं आणि हातातली काठी वरच्या अंगाला टेकवायची. दुसऱ्यानं त्याच्या बरोबर मागं उभं राहून खांदे धरायचे. एका वेळी एकानंच पाऊल सरकवायचं. बॅगेचा कमरेचा पट्टा आधीच सोडून ठेवायचा म्हणजे पडलात तर बॅग झटकता येते. बूट काढायचे नाहीत.

आणि कन्नड घाट. 2021 च्या ऑगस्टअखेरच्या पावसात दरडी कोसळून हा घाट बंद पडला होता. पाऊस नसला तरी कोंडी होऊ शकते. चाळीसगाव बाजूनं येणार असाल तर निघण्याआधी घाट सुरू आहे का ते विचारून घ्या, आणि परतीची वेळ घाटाचे दोन तास जास्तीचे धरून ठरवा.

आग्या

पितळखोरा, अजिंठा, देवगिरी, गडांचे कडे, कुठंही आग्या मोहोळ असतं. वर बघायची सवय लावा. कड्याखाली काळी, हलणारी चकती दिसली तर तिथं अत्तर, सिगारेट, ड्रोन, मोठ्यानं हाका, काहीही नको. माशा उठल्याच तर हात न झटकता, तोंड झाकून सरळ लांब पळायचं. पाण्यात उडी मारू नये, त्या वर घोंघावत थांबतात. नांगी चिमटीत धरून उपटू नका, नखानं किंवा एटीएम कार्डाच्या कडेनं लगेच खरवडून काढा. ओठ सुजणं, श्वासाला घरघर, अंगभर पित्त उठणं यातलं काही दिसलं तर थेट दवाखाना, वाट बघत बसायचं नाही.

मृगनक्षत्र, बीड

विजेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. मराठवाड्यात पावसापेक्षा वीज जास्त जीव घेते असं वाटावं, इतक्या बातम्या दर मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात येतात. या दोन्ही काळांत आभाळ दुपारनंतर भरतं. म्हणून एप्रिलअखेर ते मृग, आणि पुन्हा उत्तरा-हस्ताच्या दिवसांत गडावर जायचं तर उजाडताच चढायचं आणि बाराच्या आत खाली यायचं. दुपारचं जेवण गडावर नाही, गावात.

पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप दोघांच्याही फोनमध्ये असू द्या. ते आसपासच्या विजा दाखवतं, पण रेंज गेली की निरुपयोगी. तेव्हा मोजायचं. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीननं भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, लगेच उतरायला लागा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या, पाऊस थांबला म्हणून लगेच उठायचं नाही.

बुरूज, ध्वजाचा खांब, एकटं झाड, तलावाचा काठ, वावरातली पत्र्याची उघडी शेड, हे सगळं टाळा. लेणीच्या किंवा कपारीच्या तोंडाशीही उभं राहू नका. काचा बंद केलेली चारचाकी सगळ्यात चांगली. दुचाकी असेल तर तिच्यापासून लांब व्हा. अगदीच उघड्यावर सापडलात तर पावलं जोडून, चवड्यांवर उकिडवं बसा. आडवं पडू नका, कारण जमिनीतून पसरणारा करंट अंगाच्या दोन टोकांमधून जातो.

दोघांसाठी सगळ्यात महत्त्वाचं आता. भीतीनं एकमेकांना मिठी मारून बसू नका. पंधरा-वीस मीटर अंतर ठेवा, एकमेकांना दिसाल असं बसा. एकीला धक्का बसला तर दुसरा शुद्धीवर असला पाहिजे. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, हात लावायला घाबरू नका. श्वास चालत नसेल तर 108 ला फोन स्पीकरवर लावून छातीच्या मधोमध दाबायला सुरुवात करा. मिनिटाला शंभर ते एकशे वीस वेळा, पाच सेंटीमीटर खोल, मदत येईपर्यंत न थांबता. निघण्याआधी दोघांनीही हे एकदा शिकून घ्या. मला या धाग्यात दुसरं काहीच सांगायचं नसतं तरी एवढं सांगितलं असतं.

गोदाकाठ, पैठण

ताई, अंतराची गोष्ट माझ्या तरी डोक्यात कधी आली नव्हती. धन्यवाद. गारपिटीबद्दलही कुणी लिहा ना.

पांदण, परभणी

गारपीट मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिल. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात जी गारपीट झाली ती कुणी विसरलेलं नाही. दुचाकीवर असाल तर पहिली गार पडताच थांबा, आडोशाला जा, आणि आडोसा मिळाला तरी हेल्मेट काढू नका. पेट्रोल पंपाचं छत, शाळेचा व्हरांडा, बसस्टँड चालेल. झाडाखाली नको, फांद्या तुटतात.

आता माझा मुद्दा दुचाकीवर डबलसीट फिरण्याचा.

काळ्या मातीत गाडी घालू नका, हे बाहेरून येणाऱ्यांना कळत नाही. मॅपवर सरळ दिसणारा रस्ता पांदण, म्हणजे वावरात जायची कच्ची वाट, निघतो. पावसानंतर ती माती चाक आणि मडगार्डच्या मधे बसते आणि शंभर मीटरच्या आत चाक जाम होतं. रेस करून निघत नाही, क्लच मात्र जळतो. उतरा, मागच्यानं चालत पुढं जावं, काठीनं माती खरवडा, पहिल्या गिअरमध्ये ढकलत बाहेर काढा. एक मोठा पाऊस झाला की पांदण वाळायला दोन दिवस कडक ऊन लागतं. मुरमाचा रस्ता असेल तर काही तासांत चालतो. गावात विचारताना ‘रस्ता आहे का’ असं विचारू नका, ‘मुरूम टाकलाय का’ असं विचारा.

डांबरावरही सावध. ट्रॅक्टर वावरातून निघून रस्त्यावर येतो तिथं चाकांची माती पडते. भुरभुर पाऊस आला की तिचा साबणासारखा थर होतो. असा पट्टा दिसला की ब्रेक आधीच मारून घ्या, पट्ट्यावर मारू नका आणि गाडी तिरकी करू नका.

मागच्या चाकात दोघांसाठीची हवा वेगळी असते, चेनच्या कव्हरवर किंवा स्विंगआर्मवर स्टिकर असतो, त्याप्रमाणे भरा. मागच्या शॉकअपची सेटिंग एक-दोन खाच घट्ट करा. सामान पाठीवर घेऊ नका, दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या बॅगांत खाली ठेवा. सायकलवाल्यांसाठी एवढंच की बाभळीचा काटा हा आपला राष्ट्रीय प्रश्न आहे. ट्यूबमध्ये सीलंट भरा, तरी दोन ट्यूब जवळ ठेवा, आणि पंक्चर काढताना टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका.

उंबरठ्याबाहेर, लातूर

बायकांच्या बाजूनं दोन गोष्टी. वाटेत सोय नाही म्हणून आपण पाणीच पीत नाही, आणि उन्हाळ्यात तेच अंगावर येतं. फेब्रुवारीअखेरपासूनच आपल्याकडे दुपार तापते. निघताना पेट्रोल पंप, देवस्थान, एसटी स्टँड कुठं कुठं आहेत ते रस्त्यावर आधीच टिपून ठेवा, आणि पाणी तोडू नका. लघवी गडद पिवळी झाली म्हणजे पाणी कमी पडलं. अर्ध्या दिवसाच्या चढाईला उन्हात माणशी तीन लिटर, मे महिन्यात चार. ओआरएसची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात टाकायची, ग्लासभर पाण्यात नाही. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चहाचा चमचा, पोहे खायचा नाही.

दुसरं म्हणजे ओढणी आणि मोठा पाँचो. दोन्ही मागच्या चाकात अडकतात. रेनकोट दोन भागांचाच घ्या, शर्ट आणि पँट वेगळी. पाळी जवळ आलेली असो वा नसो, पॅड, कागदी पिशवी आणि एक जोड कोरडे कपडे झिपच्या प्लास्टिक पिशवीत असू द्या.

बालेकिल्ला, संभाजीनगर

देवगिरीला येणाऱ्यांसाठी. लोक चांदमिनार बघून, मेंढा तोफेपाशी फोटो काढून परत जातात, किंवा मग भर दुपारी वर निघतात. दोन्ही चूक. खंदकावरचा पूल, मग अंधारी (कातळातला काळोखा बोगदा), मग पायऱ्या, गणपती, बारादरी आणि माथ्यावरची तोफ असा क्रम आहे. जाऊन-येऊन तीन तास धरा. वर पाणी नाही.

अंधारीत वटवाघळं आहेत आणि पायऱ्या उंच-सखल. मोबाइलचा टॉर्च पुरत नाही. हातात मोबाइल असला की भिंतीला धरायला हात उरत नाही, म्हणून डोक्याला लावायची बॅटरी घ्या, दोघांना दोन. पुढच्यानं मागं वळून उजेड टाकायचा नाही, मागच्याचे डोळे दिपतात. वास सहन होत नसेल तर रुमाल ओला करून नाकाला बांधा. चढताना दम लागतो तो बारादरीच्या आधीच्या पायऱ्यांवर, आणि पाय घसरतो तो उतरताना. झिजलेल्या काळ्या दगडावर चार थेंब पडले तरी तो गुळगुळीत होतो. उतरताना कमी अनुभवी माणूस पुढं नको, अनुभवी माणसाच्या मागं, एक पायरी वर असावा.

वेरूळ मंगळवारी बंद आणि अजिंठा सोमवारी बंद. रविवारला जोडून सुट्टी घेणारे हमखास इथंच फसतात. वेताळवाडी, जंजाळा, घटोत्कच लेणी करायची असतील तर अजिंठ्याच्या बंदच्या दिवशी करा, सोयगाव-उंडणगाव बाजूला तेव्हा निवांत असतं. हळदा घाटातून वेताळवाडीचा गड समोर दिसतो. पावसाळ्यात तिथं कमरेइतकं गवत असतं. काठीनं पुढं आपटत चाला, फुरसं आणि घोणस पायाखाली येईपर्यंत हलत नाहीत.

म्हैसमाळचं वारं

तंबूचं कुणी विचारलं नाही, पण लिहितो, कारण दोघांच्या सहलीत हल्ली तंबू हमखास असतो. म्हैसमाळ साधारण 1067 मीटरवर आहे. पठार उघडं, आडवं वारं. सप्टेंबरमध्ये धुकं, डिसेंबर-जानेवारीत पहाटेची थंडी. जागा मालकीची असो वा वनखात्याची, आधी परवानगी घ्या.

तंबूची जागा टोकावर नको आणि खोलगटातही नको. कड्यापासून पन्नास मीटर आत, किंचित उताराची, मुरमाड जमीन बघा. दार वाऱ्याच्या उलट बाजूला. तंबूबरोबर येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या आपल्या मुरमात वाकतात. सुताराकडच्या आठ-नऊ इंची लोखंडी खिळ्यांचा एक संच घ्या. काळ्या मातीत उलटं होतं, कोरडी असताना खुंटी घट्ट आणि रात्री भिजली की सुटते. तिथं खुंटीवर मोठा दगड ठेवा. खुंटीचं डोकं तंबूपासून बाहेर झुकलेलं हवं आणि दोरी तिला काटकोनात यायला हवी.

खाली अंथरायचा कागद तंबूच्या कडेबाहेर बोटभरही दिसता कामा नये. बाहेर राहिला की वरचं पाणी त्यावर पडतं आणि थेट तुमच्या अंथरुणाखाली जातं. तंबू गळतो अशी तक्रार निम्म्या वेळा याचीच असते. उरलेल्या वेळा तो गळत नसतोच. दोन माणसांच्या श्वासाची वाफ आतून साठून ठिबकते, म्हणून पाऊस असला तरी वरची जाळी उघडी ठेवा आणि बाहेरचं कापड आतल्या कापडाला टेकू देऊ नका. तंबूत गॅस किंवा शेगडी पेटवायची नाही, थंडी कितीही असो. विजा सुरू झाल्या तर तंबू सोडून गाडीत बसा.

पैनगंगा, किनवट

पैनगंगेवरच्या सहस्रकुंड धबधब्याला इस्लापूरकडून येता येतं. पावसाळ्यात आवाज आणि तुषार बघायला लांबून ठीक, पण कातळावर उतरायचं ते दिवाळीनंतर. तेव्हाही वर इसापूर धरण आहे हे ध्यानात ठेवा. तिथून पाणी सोडलं की इथं आभाळ निरभ्र असताना पात्र भरतं, म्हणून गावात विचारून मगच खाली जा. कातळातले रांजणखळगे वरून डबक्यासारखे दिसतात, आत पुरुषभर खोल असतात आणि भिंती गुळगुळीत, एकट्याला वर येता येत नाही. त्यात दुसऱ्यानं उडी मारून काढायला जाऊ नये. काठावर आडवं पडून ओढणी, पट्टा, दोरी फेकायची. वीस मीटरची आठ एमएमची दोरी बॅगेत असली तर वजन फारसं नाही.

बोरीकाठ, नळदुर्ग

नळदुर्गचा नर-मादी धबधबा बघायचा असेल तर नुसता पावसाळा म्हणून येऊ नका. बोरी नदीवरचा बंधारा भरून वाहायला लागला तरच तो पडतो, आणि आपल्याकडे ते बहुतेक पावसाळ्याच्या उत्तरार्धात होतं, कोरड्या वर्षी होतही नाही. गावात फोन करून विचारा. बंधाऱ्याच्या आत बांधलेल्या पाणीमहालाच्या पायऱ्या तेव्हा ओल्या असतात. सौताड्याच्या धबधब्याचंही तसंच, पाटोदा-जामखेडकडे चांगला पाऊस झाला की दोन-तीन दिवसांत जा, मग धार बारीक होते.

सातमाळा, कन्नड

सगळ्यांचं वाचून सामानाबद्दल लिहितो. जोडपी सामान वाटून घेतात. पाणी त्याच्याकडे, डबा तिच्याकडे, बॅटरी एकच, किल्ली एकाच्याच खिशात. वाट चुकून दोघं वेगळे झाले की एकाकडे पाणी नाही आणि दुसऱ्याकडे उजेड नाही. म्हणून प्रत्येकाच्या बॅगेत स्वतःचं पाणी, बॅटरी, शिट्टी, थोडी रोकड, एक ओआरएस आणि क्रेप बँडेज हवं. गाडीची दुसरी किल्ली दुसऱ्याकडे. दोघांची सिमकार्डं वेगवेगळ्या कंपन्यांची. गाडी चालवता येणं दोघांनाही जमलं पाहिजे, निदान पंधरा किलोमीटर गावापर्यंत. हरवलात तर मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. ज्याला ऐकू येईल त्यानं आवाजाकडे जायचं, शिट्टी वाजवणाऱ्यानं जागा सोडायची नाही.

साप चावला तर पट्टा आवळणं, कापणं, चोखणं काही नाही. अंगठी, घड्याळ, जोडवी काढा, चावलेला भाग हलू न देता उपजिल्हा रुग्णालय गाठा. सापाचा फोटो काढायला मागं जाऊ नका.

घरच्या एका माणसाला तीन गोष्टी लिहून पाठवा: कुठल्या गावातून चढणार, गाडी कुठं लावणार, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर हालचाल करायची. ‘गौताळ्याला चाललोय’ एवढं पुरत नाही, अभयारण्य अडीचशे चौरस किलोमीटरहून मोठं आहे.

पांदण, परभणी

परतीबद्दल एक राहिलं. नोव्हेंबर ते मार्च उसाचा हंगाम. अंधार पडल्यावर लातूर, धाराशिव, बीड, परभणीच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर असतात, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या पाल्यानं झाकलेला. समोरच्या गाडीच्या उजेडात डोळे दिपतात आणि ट्रॉली शेवटच्या क्षणी दिसते. रस्त्यावर उसाची कांडी आणि पाचट दिसायला लागलं की पुढं ट्रॉली आहे असं समजून वेग चाळीसवर आणा. शक्य असेल तर सहाच्या आत मुक्कामी पोचा, आणि नाहीच जमलं तर वाटेतल्या तालुक्याच्या गावी लॉज बघून राहा.